नवशिक्या पुरुषाचं घोडं कुठं पेंड खातं? इंग्लंडातल्या रायडिंग स्कूलची पारख

इंग्लंडातल्या रायडिंग स्कूलचा ऑनलाइन फॉर्म उघडला की नाव, जन्मतारीख आणि फोन नंबर झाल्यावर पुढचा प्रश्न वजनाचा असतो. बऱ्याच शाळांची मर्यादा १२ ते १४ स्टोनच्या दरम्यान असते, म्हणजे ७६ ते ८९ किलो. तिथल्या सरासरी प्रौढ पुरुषाचं वजन ८५ किलोच्या आसपास आहे आणि सरासरी बाईचं ७२ च्या. फॉर्मची ती एक ओळ बायकांना त्या मानाने कमी अडवते. पुरुषांपैकी मात्र बरेचजण तिथूनच परत फिरतात, आणि उरलेल्यांना 'तुमच्यासाठी आमच्याकडे दोनच घोडे आहेत, ते शनिवारी बुक असतात' असं उत्तर येतं.

ही पारख कुठल्या एका शाळेची नाही. प्रौढ नवशिक्यांना सगळीकडे साधारण सारख्याच साच्यात मिळणाऱ्या दहा धड्यांच्या शिकवणीची आहे. अर्ध्या तासाचा धडा, शाळेचा घोडा, शाळेची टोपी, एक प्रशिक्षक. आपल्या जुन्या भाषेत सांगायचं तर ही बारगिरी: घोडा सरकारी, स्वार आपण. शिलेदार, म्हणजे स्वतःचा घोडा बाळगणारा, व्हायला फार पुढचं पाकीट लागतं. शनिवारी सकाळी अशा कुठल्याही आवारात डोकावलं तर शिकणाऱ्या मुली, शिकवणाऱ्या मुली, घोड्याला खरारा करणाऱ्या मुली दिसतात आणि कुंपणाला टेकून कॉफी पिणारे बाप. पुरुष घोड्यावर का बसत नाहीत याची उत्तरं मानसशास्त्रात शोधायची बऱ्याच जणांना हौस असते. आमच्या मते निम्मी उत्तरं खोगिरात, टोपीत आणि धड्यांच्या क्रमात सापडतात.

निकाल आधीच सांगतो. घोडे उत्तम, सुरक्षितता उत्तम, शिकवणी चांगली. पण सामान आणि पद्धत दोन्ही अकरा वर्षांच्या मुलीच्या मापाने बेतलेली. प्रौढ पुरुषासाठी पाचपैकी तीन तारे, आणि ते तीनही घोड्यांचे.

वजनाचं गणित नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यात अपमान काही नाही. घोड्याच्या पाठीवर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांपर्यंतच भार द्यावा, असा ढोबळ नियम आहे, आणि या भारात खोगीरही आलं. सिंथेटिक खोगीर रिकिबी-तंगासकट ५ ते ७ किलो, कातडी ८ ते १०. बूट, टोपी, जाकीट मिळून आणखी दोन-तीन. ४५० किलोच्या घोड्याला २० टक्क्यांनी ९० किलो झेपतात. त्यातून सामान वजा केलं की स्वारासाठी ८० उरतात. १५ टक्क्यांनी धरलं तर जेमतेम ६०. शिवाय नवशिक्या माणूस दर पावलाला धपकन खाली बसतो, त्यामुळे त्याचे ८० किलो घोड्याला ८० वाटत नाहीत. म्हणून शाळा नवशिक्यासाठी मर्यादा आणखी खाली आणतात आणि अनुभवी स्वाराला एखादा स्टोन सूट देतात. हे योग्यच आहे. चूक आहे ती घोडे निवडण्यात. साडेपाचशे किलोचे, जाड हाडांचे, १५.२ हातांचे कॉब प्रकारचे घोडे इंग्लंडात मुबलक आहेत. पण लहान मुलांच्या धड्यांवर शाळा चालते, त्यामुळे पागेत पोनी भरलेले असतात आणि कॉब दोन. (एक 'हात' म्हणजे ४ इंच, १५.२ म्हणजे १५ हात आणि वर २ इंच. दशांश समजून गणित केलं तर चुकतं.)

आता खोगीर. सगळ्यात जास्त पुरुष इथे गळतात आणि गळताना त्यांना कारण कळलेलंही नसतं.

खोगिराचं माप इंचात असतं. पुढच्या उंचवट्याच्या बाजूला एक गोल खिळा-बटण असतं, तिथून मागच्या उंचवट्याच्या मध्यापर्यंत टेप लावायची. शाळेतली बहुतेक खोगिरं १६.५ किंवा १७ इंचांची असतात. आकडा खोगिराच्या बाजूला लोंबणाऱ्या छोट्या झडपेखाली किंवा तंगाच्या पट्ट्यांजवळ ठोकलेला सापडतो. आपलं माप घरी काढता येतं: खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसायचं आणि ढुंगणाच्या मागच्या कडेपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजायचं. २० ते २१.५ इंच भरलं तर १७ चं चालतं. २१.५ ते २३ भरलं तर साडेसतराच्या आसपासचं हवं आणि त्यापुढे १८ चं. पावणेसहा फुटी माणूस सहज साडेसतरात जातो. नीट बसल्यावर मागे, खोगिराच्या कडेपर्यंत, एक तळहात मावेल एवढी जागा उरली पाहिजे.

ती उरली नाही तर काय होतं ते क्रमाने पाहू. लांब मांडीचा गुडघा झडपेवरच्या उशीच्या पुढे जातो. गुडघ्याला जागा मिळावी म्हणून माणूस नकळत मागे सरकतो आणि मागच्या उंचवट्यावर बसतो. बूड मागे गेलं की पावलं पुढे जातात आणि खुर्चीत बसल्यासारखी बैठक होते. कान, खांदा, कंबर, टाच एका उभ्या रेषेत हवेत. इथे टाच त्या रेषेच्या वीतभर पुढे. चालीवर हे खपून जातं. घोडा दुडकीला लागला की स्वाराने तालात उठायचं-बसायचं असतं, पण पाय पुढे असले तर उठायला खाली आधारच नाही. मग तो लगामाला धरून स्वतःला वर ओढतो. घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो, तो मान वर करतो, पाठ खाली सोडतो. सोडलेल्या पाठीवर स्वार आणखी जोरात आपटतो. घोडा एकतर वेग वाढवतो किंवा थांबतो. मैदानाच्या मध्यातून आवाज येतो, 'हील्स डाउन!' टाचा खाली करून हे सुटणार नाही. अर्धा इंच मोठं खोगीर घातलं तर बरंचसं सुटतं.

पण शाळेलाही सगळं मनासारखं करता येत नाही. खोगीर घोड्याच्या शेवटच्या, म्हणजे अठराव्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. तिच्यामागची कंबर भार घेण्यासाठी बनलेलीच नाही. आखूड पाठीच्या कॉबवर १८ इंची खोगीर ठेवलं तर ते नेमकं कमरेवर जातं. जाड घोडा वजन झेलतो पण पाठ आखूड, लांब पाठीचा घोडा खोगीर झेलतो पण वजन नाही. या कात्रीतून उंच आणि जड पुरुषासाठी एखादाच घोडा उरतो. दोन शाळांमधून निवडायचं असेल तर असा घोडा कुठे आहे ते आधी विचारा. कॅफे कुठला चांगला हे नंतर.

दुसरं दुखणं पुरुष बोलत नाहीत आणि शाळा विचारत नाही. दुडकीत ताल चुकला की माणूस पुढच्या उंचवट्यावर आपटतो आणि कुठे आपटतो ते सांगायला नको. दुसऱ्या-तिसऱ्या धड्यानंतर फोन न उचलणाऱ्या गिऱ्हाइकांत या कारणाचा वाटा मोठा असावा, असा आमचा कयास आहे. उपाय साधे आहेत. सैल बॉक्सर घालू नका, कापड गोळा होतं आणि शिवण घासते. अंगाला घट्ट बसणारी, जांघेत जाड शिवण नसलेली चड्डी हवी. जीन्स तर नकोच. तिची आतली दुहेरी शिवण गुडघ्याच्या आतल्या बाजूला अर्ध्या तासात कातडी सोलते. जोधपूर नावाची जी विजार आहे ती याच कामासाठी, आतून शिवण टाळून आणि गुडघ्याला जोड देऊन शिवलेली. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाला सर प्रतापसिंग जोधपूरहून पोलोचा संघ घेऊन गेले आणि तिथून ती इंग्लंडात पसरली. पुरुषांनी पुरुषांसाठी आणलेला हा कपडा. आज तिथल्या दुकानात मात्र बायकांच्या जोधपूरच्या पाच रांगा आणि पुरुषांची एक, तीही बेज रंगात. पहिल्या तीन धड्यांना ताणली जाणारी ट्रॅक पँट चालते, पैसे नंतर घाला.

कपड्यांपेक्षाही जास्त फरक बसण्याने पडतो. ढुंगणाखाली दोन हाडं टोचतात, त्या दोन हाडांवर समान भार द्यायचा. पोट आत ओढून छाती काढली की भार पुढे जातो आणि मग मार बसतो. पाठीला पोक काढला तर भार शेपटीच्या हाडावर जातो. पँटचे मागचे खिसे खोगिराला टेकलेले वाटले म्हणजे ठीक. दुडकीत 'उठायचं' म्हणजे वर उभं राहायचं नाही. गुडघा बिजागरी धरून कंबर दोन-तीन इंच पुढे न्यायची आणि हळू परत आणायची. घोड्याने वर फेकलेलं घ्यायचं, स्वतः उडी मारायची नाही. पुरुष पायांत जोर आहे म्हणून सहा इंच उठतात, मग खाली यायला उशीर होतो आणि पुढच्या ठोक्याला घोड्याची पाठ वर येत असताना हे खाली येतात.

रिकिबीचंही तसंच. पट्ट्याची लांबी जमिनीवरून अंदाजायची तर बोटांचं पेर पट्ट्याच्या वरच्या कडीला लावायचं आणि रिकीब काखेत पोचते का ते पाहायचं. हा अंदाज आहे, माप नाही. लांब पायाच्या माणसाला घोड्यावर बसून पाय मोकळे सोडल्यावर रिकीब घोट्याच्या हाडाला लागली पाहिजे. रिकिबीची रुंदी मात्र सुरक्षिततेचा भाग आहे. बुटाच्या दोन्ही बाजूंना साधारण एकेक सेंटिमीटर मोकळा हवा. दहा-अकरा नंबरच्या रुंद बुटाला शाळेची नेहमीची रिकीब घट्ट होते, आणि पडताना पाय अडकला तर घोडा फरफटत नेतो. बूट गुळगुळीत तळव्याचा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर टाचेचा. ट्रेकिंगचे खोल खाचांचे बूट घालून आलात तर चांगली शाळा घोड्यावर बसू देणार नाही, आणि बसू दिलं तर ती शाळा चांगली नाही.

टोपी शाळा फुकट देते. पण कपाटात ५३ ते ५७ सेंटिमीटरच्या पुष्कळ असतात आणि ५९-६० च्या दोन, त्याही कालच्या घामाच्या. स्वतःची घ्या, साधारण ५० पौंडांपासून मिळते. आत पीएएस ०१५ किंवा व्हीजी१ या सुरक्षा-मानकाचा शिक्का पाहा, भुवईच्या वर दोन बोटं राहील अशी सरळ बसवा, आणि एकदा ती कशावर आपटली की फेका, वरून तडा दिसो न दिसो.

शिकवण्याबद्दल. पहिल्या धड्यात ठोकळ्यावरून चढणं, चाल, वळणं, थांबणं, दुसऱ्या-तिसऱ्यात दुडकी, सहाव्या-सातव्याच्या आसपास दुडकीवर मैदानाच्या मोठ्या फेऱ्या, रपेट, म्हणजे तिथे कँटर म्हणतात ती तीन ठोक्यांची चाल, दहात आली तर आली. हा वेग लहान मुलींना जमतो, कारण त्यांचे खुबे सैल असतात आणि पडण्याची भीती नसते. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या चाळिशीच्या पुरुषाच्या मांडीच्या आतले स्नायू आखडलेले असतात. पाय घोड्याभोवती लोंबत नाही, तो चिमट्यासारखा धरतो. गुडघ्याने धरलं की माणूस वर निसटतो, ओला साबण मुठीत दाबल्यासारखा. आपल्याकडे घोडेस्वाराची मांड पक्की असावी म्हणतात. मांडीची पकड आणि गुडघ्याचा चिमटा यांतला फरक त्या एका शब्दात आहे, आणि इंग्रजी धड्यात तो सांगायला प्रशिक्षकाला पाच मिनिटं लागतात.

धडा सुरू करण्याआधी दोन आठवडे रोज दहा मिनिटं बद्धकोनासन आणि मलासन केलं तर तीन धड्यांचे पैसे वाचतात, हे अतिशयोक्ती न करता सांगतो. त्याला जोड म्हणून जिन्याच्या पायरीवर चवडे ठेवून टाचा खाली सोडायच्या, ३० सेकंद, पाच वेळा. 'हील्स डाउन' पायाच्या ताणाने होतं, हुकमाने होत नाही.

शाळांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे लंजचे धडे शेवटी किंवा जास्तीच्या पैशांत देणं. लंज म्हणजे घोडा सात-आठ मीटरच्या दोरीवर गोल फिरतो, दोरी प्रशिक्षकाच्या हातात. स्वाराकडे लगाम नाही. हातांना धरायला काही नसल्यामुळे तोल कमरेतून येतो. वीस मिनिटं पुरतात. त्यापेक्षा जास्त गोल फिरणं घोड्याच्या सांध्यांनाही बरं नाही. आमच्या मते प्रौढ पुरुषाचे पहिले तीन धडे लंजवरच व्हावेत, कारण त्याची नैसर्गिक खोड तोल गेला की हाताने धरायची आहे, आणि हातात लगाम दिला की ही खोड मोडेपर्यंत घोड्याच्या तोंडाला हिसके बसतात.

जोर हा पुरुषांचा दुसरा शत्रू. घोडा न थांबल्यास ते ओढतात, तोही ओढतो, आणि पाचशे किलोशी रस्सीखेच कोण जिंकणार ते उघड आहे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. करंगळीशेजारच्या बोटाने लगाम दाबायचा, श्वास सोडून जड बसायचं, आणि त्याने पाऊल मंदावलं त्याच क्षणी बोट ढिलं करायचं. तो क्षण चुकला तर घोड्याला एवढंच कळतं की थांबलं तरी ओढतातच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कची लिस हार्टेल ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, रौप्यपदक जिंकली तेव्हा पोलिओमुळे तिचे पाय गुडघ्याखाली लुळे होते. घोड्यावर चढ-उतरायला तिला मदत लागायची. दंडावर भरवसा ठेवणाऱ्या नवशिक्याने हे ध्यानात ठेवावं.

प्रशिक्षक बहुतेक विशीतल्या मुली, सातव्या वर्षी पोनीवर बसलेल्या. हात उत्कृष्ट, घोड्याची जाण पक्की. पण तोल आपल्याला कसा आला हे त्यांना आठवत नाही, त्यामुळे चुकणाऱ्या माणसाला त्या 'रिलॅक्स' म्हणतात. रिलॅक्स ही सूचना नव्हे. 'डावा खांदा मागे घ्या', 'गुडघा झडपेवरून बोटभर सोडा', 'चार पावलं श्वास सोडा' या सूचना. पहिल्या धड्यात अशा किती मिळतात ते मोजा. पाचाहून कमी असतील तर प्रशिक्षक बदलून मागा, त्यात कोणी रागावत नाही.

गट-धडा स्वस्त पडतो, पण चाळीस वर्षांच्या माणसाला नऊ वर्षांच्या तीन मुलींच्या मागे रांगेत लावलं की काय होतं हे वेगळं सांगायला नको. मुली रांगेत कँटर करतात, साहेब कोपऱ्यात उभे. काही शाळा आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त प्रौढांसाठी ठेवतात. असा गट असेल तर तिथेच जा.

धड्याआधीचा अर्धा तास, खरारा, खूर साफ करणं, खोगीर चढवणं, पुरुष टाळतात. 'मी शिकायला आलो, लीद उचलायला नाही' हा भाव. मुलींसाठी हीच खरी शाळा असते. शनिवारभर तबेल्यात राबून एक फुकट फेरी मिळवणाऱ्या मुलींची पिढ्यान्‌पिढ्या रांग आहे, आणि त्या अर्ध्या तासात घोड्याचा कान, शेपूट, पाठीची कातडी यांतून त्याचा दिवस कसा चाललाय ते त्या वाचायला शिकतात. तंग आवळताना घोडा कान पाडून पोट फुगवतो. दोन मिनिटं चालवून पुन्हा दोन भोकं आवळावा लागतो. हे ज्याला माहीत नाही त्याचं खोगीर चढताना फिरतं. पुरुष उंच असतो, ठोकळा न घेता मागचा उंचवटा धरून स्वतःला वर ओढतो, त्यातही ते फिरतं आणि खोगिराच्या आतल्या सांगाड्याला पीळ पडतो. काही शाळा धड्याला घोडा तयार करून आणून देतात. सोयीचं आहे, पण पहिल्या पाच धड्यांना ती सोय नाकारा.

तबेला बायकांचा झाला कधीपासून? फार जुनी गोष्ट नाही. ब्रिटिश घोडदळाच्या पलटणी १९२८ पासून घोड्यांवरून चिलखती गाड्यांवर गेल्या, शेतात ट्रॅक्टर आले, आणि पुरुषाला पगार देऊन घोड्यावर बसवणारं काम संपलं. पोनी क्लब १९२९ चा, ब्रिटिश हॉर्स सोसायटी १९४७ ची. घोडा नोकरीतून सुटून छंदात शिरला तो याच काळात. १९४८ च्या ऑलिंपिकपर्यंत या खेळात स्त्रियांना प्रवेश नव्हता. अधिकारी नसलेल्या सैनिकालाही नव्हता. स्वीडनच्या ड्रेसाज संघातला एकजण खरा अधिकारी नव्हता म्हणून त्या संघाचं सुवर्ण काढून घेतलं. पुरुषांचा खेळ म्हणजे हुद्द्याचा खेळ होता. हुद्दा गेला तसा पुरुषही गेला.

गंमत म्हणजे वर गेलं की तो पुन्हा दिसतो. स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत भिडतात असा हा ऑलिंपिकमधला विरळा खेळ. पॅरिसला २०२४ मध्ये ड्रेसाजची तिन्ही वैयक्तिक पदकं बायकांनी नेली. पण अडथळ्यांच्या उड्यांत एकाही स्त्रीला अजून वैयक्तिक सुवर्ण मिळालेलं नाही. तळाला मुलींची गर्दी आणि उड्यांच्या शिखरावर पुरुष: अशा उतरंडीत घोडे विकत घेऊन देणारा मालक कोणावर पैसे लावतो हाही प्रश्न येतो. मुलगे गळतात ते दहा-अकराव्या वर्षी, शाळेतला फुटबॉल शनिवारी सकाळी असतो तेव्हा. त्यांना धरून ठेवतात ते शर्यतीसारखे खेळ. पोनी क्लबच्या प्रिन्स फिलिप चषकाच्या रिले शर्यती १९५७ पासून चालू आहेत आणि तिथे मुलगे टिकतात. पोलोच्या क्लबात नवशिके पुरुष टिकतात तेही यामुळेच: लाकडी घोड्यावर बसून चेंडू मारायचा, मग खऱ्यावर. ध्येय दिसतं. रायडिंग स्कूलचा अभ्यासक्रम मात्र 'सुंदर बसा' यापलीकडे दहा धड्यांत काही देत नाही. दोन शंकू ठेवून त्यांच्यामधून वळायची वेळ मोजली तरी निम्मे पुरुष पुढचं पॅकेज घेतील.

मराठी माणसाला एक वेगळी सूचना. फॉर्मवर 'पूर्वी घोड्यावर बसला आहात का?' असा प्रश्न असतो. माथेरान धरून 'हो' लिहू नका. तिथे घोडेवाला दोरी धरून चालतो आणि आपण पुढचा उंचवटा धरून मागे रेलतो. तीच सवय इथे तीन धडे मोडावी लागते. आणि पुरुषांनी घोडेस्वारी करू नये असं आपल्याकडे कधी कुणाला वाटलेलं नाही, तेव्हा इंग्लंडातल्या मुलींच्या गर्दीने बिचकायचं कारण नाही. २०२३ मध्ये हांगचौ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात दोन मुलगे आणि दोन मुली होत्या, त्यातला एक मुलगा मुंबईचा.

खर्च: अर्ध्या तासाचा वैयक्तिक धडा साधारण ३५ ते ५५ पौंड, गटातला तासाचा त्याहून स्वस्त, लंडनजवळ वरच्या टोकाला. दहाचं पॅकेज एकदम घेऊ नका, तीन घ्या. फोनवर विचारायचं ते असं: माझ्या वजनाला किती घोडे, त्यांच्यावर किती इंची खोगीर, लंजचा धडा मिळेल का, प्रौढांचा गट कधी, आणि घोडा मी स्वतः तयार करू शकतो का. खोगिराच्या इंचांवर समोरची व्यक्ती गोंधळली तर दुसरीकडे फोन लावा. इंग्लंडात २०१८ च्या नियमांनुसार स्थानिक कौन्सिलचा परवाना लागतो आणि तो आवारात दर्शनी लावावा लागतो. भिंतीवर दिसला नाही तर सरळ विचारा.

पहिल्या चांगल्या धड्यानंतर, उतरल्यावर लगेच, तीन गोष्टी फोनमध्ये लिहून ठेवा: घोड्याचं नाव, खोगिराचा आकडा आणि रिकिबीचा पट्टा दोन्ही बाजूंना कितव्या भोकावर होता. पट्टे वापरून असमान ताणतात, चढायच्या बाजूचा जास्त. दोन्हीकडे वेगवेगळं भोक निघालं तर चकित होऊ नका. पुढच्या खेपेला तोच घोडा आणि तेच खोगीर मिळालं तर निदान पहिली पाच मिनिटं पट्टे जुळवण्यात जाणार नाहीत.